आधी कळा दाबून बघ

अरे, डिजिटल पियानो घेताना आवाजावर भाळू नकोस. दुकानात सगळेच गोड वाजतात. आधी कळा बघ. ८८ हव्यात आणि ग्रेडेड हॅमर ॲक्शनच्या, म्हणजे खऱ्या पियानोसारख्या वजनदार, खर्जाकडे जड, वर हलक्या. एकच कळ अगदी हळू दाब, मग जोरात. फरक बोटाला कळला पाहिजे. यामाहा पी-४५ मध्ये ६४ स्वरांची पॉलिफनी, म्हणजे एका वेळी ६४ स्वर वाजू शकतात, रोलँड एफपी-१० मध्ये ९६. शिकताना ६४ पुरते, त्यापायी भांडू नकोस. सोबतचं चपटं पेडल मात्र फरशीवर सरकतं, वेगळं घे. पणजीत असो की म्हापशात, हेडफोन लावूनही ऐक. आणि आपला पावसाळा! माझ्या पहिल्या कीबोर्डच्या तीन कळा श्रावणात मुक्या झाल्या. खिडकीपासून लांब ठेव, वाजवून झालं की झाक.