बेंटोनाइट टाकूनही रेशमाच्या रंगाचं पाणी लालच राहतं, त्याबद्दल

येवल्याहून तुम्ही लिहिलंय, लडी रंगवून उरलेल्या पाण्यात बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) ढवळलं, रात्रभर ठेवलं, सकाळी पाणी लाल ते लालच, वर गढूळही. वाचून हसू आलं. हेच मी नाशकात केलंय, पैसे घालून.

वाइनरीत कामाला असलेल्या मित्राने डबाभर बेंटोनाइट दिलं होतं. चाचणीला रंग कुठला? माशांच्या टाकीत घालतात त्या मेथिलीन ब्लूची बाटली घरात होती. बरणीत चार थेंब, चमचाभर भिजवलेली माती, हलवलं. सकाळी वरचं पाणी स्वच्छ, निळं सगळं तळाच्या चिखलात. तेवढ्यावर अर्थिंगवाल्याकडून (तेही हीच माती वापरतात) ५० किलोचं पोतं आणलं, सिमेंटची टाकीही बांधली.

मेथिलीन ब्लू धनभारित, माती ऋणभारित, चिकटणारच. रेशमाचे ॲसिड डाय, म्हणजे आंबट पाण्यात चढणारे रंग, ऋणभारित, ते मातीकडे फिरकत नाहीत. वाइनमध्ये बेंटोनाइट प्रथिनं खाली बसवतं तेही याच कारणाने, तिथल्या आंबटपणात प्रथिनं धनभारित असतात. मित्राला विचारायचं सुचलंच नाही! काळ्या मातीचं विचारलंत, तर तिच्यातही बेंटोनाइटमधलंच ऋणभारित खनिज, मॉन्टमोरिलोनाइट, आहे, म्हणजे तिचंही तेच.

पाणी तपासायला एका कार्यालयात तीन चकरा मारल्या. 'लेटरहेडवर अर्ज आणा.' रंगाऱ्याकडे कसलं आलंय लेटरहेड? शेवटी मिळालेल्या कागदावर पीएच आणि सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप), रंगाचा रकाना कोरा.

मातीला सीटॅब (साबणासारखं, पण धनभारित रसायन) लावून तिचा भार उलटा करतात, मग असे रंग धरतात. पण सीटॅब मासे मारतं, घरगुती कामात मी तरी लावणार नाही. त्यापेक्षा तुरटी. पाणी आंबट असतं, म्हणून चुन्याची निवळी घालत पीएच ६-७ च्या आसपास ठेवा, गोळे धरले की माती आणि बराचसा रंग खाली येतो. सगळेच रंग येत नाहीत, आधी बरणीत बघा. मी रंगारी आहे, केमिस्ट नाही.

खरं तर रंग पाण्यात उरूच देऊ नका. शेवटी थोडं ॲसेटिक ॲसिड वाढवून आच टिकवा, त्याच पाण्यात पुढची फिकट लडी काढा. माझं निम्मं काम तिथेच झालं.

रंगाचा गाळ मात्र शेतात किंवा गटारात नको. कोरं उरलेलं पोतं साडूच्या गळक्या शेततळ्याच्या तळाला पसरलं, तिथे ते छान फुगलं.