सगळे दिवे एकदम बदलू का?

प्रश्न: घरात 14 दिवे आहेत. 6 जुने 60 वॅटचे पिवळे बल्ब आणि 8 सीएफएल. पिवळ्यांपैकी 3 रोज पाच तास लागतात, बाकीचे जिना आणि अडगळीच्या खोलीत. सगळे काढून मोबाइलवर चालणारे स्मार्ट एलईडी हप्त्याने घ्यावेत असा विचार आहे. वीजबिलातल्या बचतीतून हप्ता सुटेल का?

उत्तर: सगळे 14 घेतलेत तर मला ते कठीण दिसतं. पण ते 3 पिवळे बल्ब मात्र याच आठवड्यात बदला, आणि रोख पैसे देऊन बदला.

दिव्यातून किती पैसे वाचतील हे तो रोज किती तास लागतो यावर ठरतं. 60 वॅटचा बल्ब रोज पाच तास लागला की वर्षाला साधारण 110 युनिट खातो. तेवढाच, म्हणजे 800 ल्युमेनच्या (ल्युमेन हे उजेडाचं माप) आसपास उजेड देणारा 9 वॅटचा एलईडी 16 युनिटांत भागवतो. एका दिव्यामागे 93 युनिट वाचले, तिघांचे मिळून 280 च्या घरात. याला तुमच्या बिलावरच्या दराने गुणा. वापर वाढेल तसा दर चढत असेल, तर सर्वांत वरच्या टप्प्याचा दर धरा, कारण वाचणारे युनिट आधी तिथलेच कमी होतात. शिवाय जुना बल्ब साधारण 1000 तासांत जातो, एलईडीच्या खोक्यावर 15,000 तास लिहिलेले असतात. रोजच्या पाच तासांनी ती आठ वर्षं झाली. इतका खात्रीचा परतावा मला गुंतवणुकीत क्वचितच दिसतो.

आता अडगळीची खोली बघा. तिथला बल्ब रोज दहा मिनिटं लागत असेल, तर वर्षाला 4 युनिटांपेक्षाही कमी जातात. स्मार्ट दिवा मात्र बंद असतानाही मोबाइलच्या आज्ञेची वाट बघत थोडी वीज घेत राहतो. ती अर्धा वॅट जरी धरली, तरी वर्षाला 4 युनिटांच्या वर जाते. म्हणजे नवा महाग दिवा तिथे जुन्यापेक्षा जास्त वीज खाईल! हे गणित मी दोनदा मांडून पाहिलं. तो बल्ब जाईपर्यंत तसाच राहू द्या. जिन्यातल्या दिव्याचे तास तेवढे मोजून घ्या.

सीएफएलचंही तसंच. 14 वॅटवरून 9 वर आल्याने पाच तासांच्या वापरात वर्षाला जेमतेम 9 युनिट वाचतात. जो जाईल तो बदला. त्यात पारा असतो, म्हणून फुटू देऊ नका आणि रोजच्या कचऱ्यात टाकू नका.

हप्त्याबद्दल स्पष्टच सांगतो. बचत तीन दिव्यांतून येणार आणि हप्ता मात्र चौदांचा भरायचा, हे मला पटत नाही. योजना बिनव्याजी म्हणून सांगितली असली, तरी प्रक्रिया शुल्क किती आणि रोखीने घेतल्यास सूट मिळते का, हे विचारा. मोबाइलवरून रंग बदलण्याची हौस असेल तर जरूर एक दिवा घ्या, पण तो खर्च हौसेच्या खात्यात लिहा, बचतीच्या नको.

दुकानात वॅटऐवजी ल्युमेन वाचा. बसण्या-झोपण्याच्या खोलीला 2700 ते 3000 केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप) उबदार, पिवळसर उजेड बहुतेकांना आवडतो, कामाच्या जागी 4000 चा जास्त पांढरा चालतो. आधी एकच आणून दोन संध्याकाळी लावून बघा. न आवडलेला दिवा कपाटात जातो आणि त्याचे पैसेही. काचेच्या बंद गोळ्यात बसवायचा असेल तर तो तशा जागी चालतो का, हे खोक्यावर तपासा. एलईडी बरेचदा आतल्या सर्किटला उष्णता सोसत नाही म्हणून लवकर जातो. वॉरंटीसाठी बिल जपून ठेवा.

दिवे बदलल्यावरचं पहिलं पूर्ण महिन्याचं बिल गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहा. रक्कम बघू नका, दर बदललेला असू शकतो. युनिट बघा.