वेग आणि चोरलेले बेस

प्रश्न : शिवाजी पार्कवर क्रिकेट पाहत वाढलेल्या मला बेसबॉलमधील ‘बेस चोरणे’ उमगत नाही. निव्वळ वेगावर कारकीर्द उभी राहते का? (एक वाचक, दादर)

उत्तर : पिचर (चेंडू फेकणारा, आपला गोलंदाज) चेंडू फेकण्याच्या बेतात असताना, फटक्याची वाट न पाहता धावकाने पुढचा बेस (धाव पूर्ण करण्यासाठी ओळीने गाठायच्या चार ठिकाणांपैकी एक) गाठणे म्हणजे बेस चोरणे, आपल्याकडे नॉन-स्ट्रायकरने आधीच क्रीज सोडली तर वाद होतो, तिथे मात्र ती कला मानली जाते. लेफ्ट फील्ड (मैदानाची डावीकडची बाहेरची बाजू) सांभाळणाऱ्या रिकी हेंडरसन यांनी १९७९मध्ये ओकलंड अ‍ॅथलेटिक्सकडून पदार्पण केले आणि २००३पर्यंत १,४०६ बेस चोरले. लू ब्रॉक यांचा ९३८चा विक्रम तर त्यांनी १ मे १९९१ रोजीच मोडला होता. १९८२च्या हंगामात त्यांनी १३० बेस चोरले, पण त्याच हंगामात ते ४२ वेळा पकडलेही गेले, हे चाहते सोयीने विसरतात. दोन बेसमधील अंतर ९० फूट, म्हणजे सुमारे २७ मीटरच असल्यामुळे, माझ्या मते, पायांइतकीच पिचरची पहिली हालचाल टिपणारी नजरही मोलाची ठरते. शिवाय मुळात पहिल्या बेसवर पोहोचल्याखेरीज चोरी कसली? त्यासाठी हेंडरसन यांच्या नावावर ३,०५५ हिट्स (बेस मिळवून देणारे फटके) आणि २,१९० वॉक (पिचरच्या चार चुकीच्या चेंडूंमुळे फटक्याविना मिळणारा पहिला बेस) आहेत.