मोनॅकोवर काय आणि कधी ठेवायचं

अगं, तुझी मोनॅकोची खारट बिस्किटं मऊ पडली म्हणतेस, त्यात तुझा दोष नाही, आपल्या पावसाचा आहे. पणजीत जुलैत पुडा फोडून ठेवला की तासाभरात चामडं! कोरडं बिस्किट हवेतलं पाणी ओढतं. ओव्हनमध्ये १५० अंशांवर ५ मिनिटं ठेव, पूर्ण गार होऊ दे, मग घट्ट झाकणाच्या डब्यात भर. गरम भरलंस तर वाफ धरून परत तेच.

तिखटासाठी कांदा-टोमॅटो सगळेच घालतात. टोमॅटोच्या बिया आधी काढ, पाणी त्यांतच असतं. मला विचारशील तर बांगड्याचं किंवा सुंगटांचं (कोळंबीचं) बालशांव, म्हणजे आपलं आंबट-तिखट लोणच्यासारखं, चिमूटभरच. आधी लोण्याचा पातळ हात फिरव, मसाल्याचा ओलावा खाली उतरत नाही. मीठ वरून नको, बिस्किट खारटच असतं.

गोडाला माडाचा काळा गूळ. खवलेला नारळ त्यात परतून चून, म्हणजे सारण कर, कडेनं सुटेपर्यंत, वेलची घाल. खारटावर तो गूळ काय लागतो! नाताळात पेराद, ती पेरूची घट्ट वडी, उरली तर तिची कापंही चालतात.

आणि पाहुणे दारात आले की मगच रच. मी एकदा चतुर्थीला दुपारीच ताटं भरून ठेवली होती. संध्याकाळी सगळं चमच्यानं खावं लागलं.