गेम गाजला, तरी स्टुडिओ बंद का झाला?

प्रश्न: ताई, मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. होस्टेलवर आम्ही मित्रांनी मिळून ‘हाय-फाय रश’ पूर्ण केला आणि अक्षरशः वेडे झालो. पुढचा भाग कधी येणार म्हणून शोधायला गेलो, तर कळलं की तो बनवणारा टँगो गेमवर्क्स स्टुडिओ मायक्रोसॉफ्टनं २०२४ मध्येच बंद करून टाकला होता. एवढी बक्षिसं मिळवणारा गेम बनवला आणि बनवणारेच घरी? की गेम खरंतर पडला होता?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर: पडला नव्हता. हे आधीच स्वच्छ सांगते, कारण स्टुडिओ बंद झाला की लोक मागे जाऊन त्याच्या कामात खोट शोधायला लागतात आणि ते मला सहन होत नाही.

टँगो हा टोकियोतला स्टुडिओ. ‘रेझिडेंट ईव्हिल’वाले शिंजी मिकामी यांनी तो २०१० मध्ये काढला आणि त्याच वर्षी तो बेथेस्डा या गेम कंपनीची मालक असलेल्या झेनिमॅक्सकडे गेला. ही झेनिमॅक्स पुढे २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं घेतली. तिथे त्यांनी आधी भयपटासारखे गेम केले: ‘द ईव्हिल विदिन’चे दोन भाग, मग २०२२ मध्ये ‘घोस्टवायर: टोकियो’. आणि मग २५ जानेवारी २०२३ ला ‘हाय-फाय रश’. ना जाहिरात, ना महिनोन्महिने चर्चा. ज्या दिवशी गेम जाहीर केला, त्याच दिवशी तो खेळायलाही मिळाला. भुताखेतांचे गेम करणारी मंडळी असा रंगीत, कॉमिकसारखा, गाण्यावर नाचणारा गेम करतील असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मी पुण्यात गेमसाठी अ‍ॅनिमेशन करते, म्हणून एका गोष्टीवर जरा रेंगाळते. मारामारीच्या गेममध्ये साधारणपणे बटण दाबलं की हात लगेच चालतो. इथे नायक चायचं तसं नाही. तुम्ही बटण थोडं आधी दाबा, थोडं उशिरा दाबा, त्याचा फटका गाण्याच्या ठोक्यावरच बसतो. गायक कितीही खेळला तरी पट्टीचा तबलजी त्याला समेवर बरोबर गाठतो, तसं. आणि एकटा चायच ठेक्यात नाही. शत्रू, यंत्रं, वाफ सोडणारे पाइप, ‘८०८’ नावाची मांजर, सगळे त्याच ठेक्यात हलतात. गाण्याची लय बदलली की सगळ्यांची लय बदलते. हात मागे नेण्याला किती फ्रेम द्यायच्या, फटका कुठे बसवायचा, हे अ‍ॅनिमेटर एकटा ठरवूच शकत नाही. शेजारी संगीतवाला लागतो, प्रोग्रामर लागतो, आणि तिघांनी एकमेकांचं काम वर्षानुवर्षं पाहिलेलं असावं लागतं. असा गेम एका जुळलेल्या टीमशिवाय होत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये याला ‘द गेम अवॉर्ड्स’चं ध्वनिरचनेचं पारितोषिक मिळालं आणि एप्रिल २०२४ मध्ये अ‍ॅनिमेशनसाठी बाफ्टा हा ब्रिटनमधला मानाचा पुरस्कार. त्या बाफ्टानं माझ्यासारखीचा ऊर भरून आला होता. महिनाही झाला नाही आणि ७ मे ला टँगो बंद करत असल्याची बातमी आली. अमेरिकेतला आर्केन ऑस्टिन आणि कॅनडातला अल्फा डॉग हे स्टुडिओही त्याच दिवशी गेले.

आता का. आर्केन ऑस्टिनच्या ‘रेडफॉल’वर सडकून टीका झाली होती, तो गेम लोकांना आवडलाच नव्हता. पण टँगोचं तसं काहीच नव्हतं. उलट एप्रिल २०२३ मध्ये एक्सबॉक्सच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागाच्या मार्केटिंगचे एरन ग्रीनबर्ग यांनी जाहीरपणे सांगितलं होतं की महत्त्वाच्या सगळ्या मोजमापांवर हा गेम यशस्वी ठरलाय. बंद करताना कंपनीनं दिलेलं कारण असं, की मोठा परिणाम साधणाऱ्या, बेथेस्डाच्या मोठ्या गेमवर लक्ष आणि पैसा लावायचाय. कामाबद्दल त्यात एक अवाक्षर नाही.

बाकीचा माझा अंदाज, या धंद्यात राहून बांधलेला. गेम पहिल्या दिवसापासून मायक्रोसॉफ्टच्या ‘गेम पास’ या वर्गणी योजनेत होता, म्हणजे महिन्याची वर्गणी भरणाऱ्याला वेगळे पैसे मोजावे लागत नव्हते. खेळणारे लाखो, पण प्रत्येकामागे विक्रीची पावती नाही. अशा गेमनं किती कमावलं, हे मालक जसं मोजेल तसं. दुसरं म्हणजे, कुठल्याही स्टुडिओचा सगळ्यात नाजूक काळ हिट गेमच्या लगेच नंतरचा असतो. पगार पूर्ण टीमचे, पुढचा गेम अजून कागदावर, आणि कमाई काही वर्षं लांब. त्यात मिकामी स्वतः २०२३ मध्येच बाहेर पडले होते. आणि मायक्रोसॉफ्टनं ऑक्टोबर २०२३ मध्ये जवळपास ६९ अब्ज डॉलर मोजून अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही बडी गेम कंपनी घेतली होती. जानेवारीत गेम विभागातल्या १,९०० लोकांना काढलं, मे महिन्यात हे स्टुडिओ गेले. एवढा मोठा सौदा केल्यावर वहीत कुठेतरी काट मारावी लागते आणि ती छोट्यांवर बसते. मला हे चूक वाटतं, धंद्याच्या हिशेबानंसुद्धा. जुळलेली टीम उभी करायला दहा वर्षं लागतात. ती मोडली की पैसे टाकून परत आणता येत नाही.

प्रश्न: माझा मुलगा मोबाइलवर बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) खेळतो. तो सांगतो की ती गेम काढणाऱ्या कंपनीनंच जपानमधला एक बंद झालेला स्टुडिओ वाचवला. खरं का हो? आणि स्टुडिओ बंद झाला तर पैसे देऊन घेतलेल्या गेमचं काय होतं?
– एक आई, सांगली

उत्तर: खरं आहे, ताई. वरच्या पत्रातलाच तो टँगो. बीजीएमआयची मालक असलेल्या दक्षिण कोरियाच्या क्राफ्टननं १२ ऑगस्ट २०२४ ला जाहीर केलं की टँगोची मंडळी आणि ‘हाय-फाय रश’चे हक्क आपण घेतोय. मला त्यातलं सगळ्यात जास्त काय भावलं असेल तर ते हे, की माणसं आणि त्यांचा गेम एकत्र राहिला. एरवी हक्क एकाकडे राहतात आणि ज्यांनी तो गेम घडवला ते दहा ठिकाणी पांगतात. ‘द ईव्हिल विदिन’ आणि ‘घोस्टवायर’ मात्र त्या सौद्यात आले नाहीत.

पण म्हणून क्राफ्टनला डोक्यावर घेऊन नाचू नका. याच कंपनीनं २०२५ मध्ये ‘सबनॉटिका’ बनवणाऱ्या अननोन वर्ल्ड्सच्या प्रमुखांना पदावरून दूर केलं आणि ते भांडण अमेरिकेतल्या कोर्टात गेलं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गेमवर अवलंबून आहे. ‘हाय-फाय रश’ विकत घेतला असेल तर तो चालूच राहतो, त्याला कुणाचा सर्व्हर लागत नाही. ‘रेडफॉल’ला सतत इंटरनेट लागायचं. त्या टीमनं स्टुडिओ बंद होत असताना, मे २०२४ च्या अखेरीस, शेवटचं अपडेट देऊन तो ऑफलाइन चालेल अशी सोय केली. नोकरी चाललेल्या माणसांनी जाता जाता खेळणाऱ्यांसाठी एवढं केलं, याचं मला फार मोल वाटतं. बीजीएमआय मात्र पूर्णपणे सर्व्हरवर चालतो. २०२२ च्या जुलैमध्ये सरकारच्या आदेशानं तो अ‍ॅप स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ पर्यंत परत आला नाही, हे तुमच्या मुलाला चांगलंच आठवत असेल. त्यात स्किनसाठी, म्हणजे पात्रांच्या आणि शस्त्रांच्या नुसत्या सजावटीसाठी, पैसे घालायच्या आधी त्याच्याशी एकदा बोला.

प्रश्न: गेम आर्टिस्ट म्हणून ऑफर आहे. हे सगळं वाचून घरचे नको म्हणतायत. काय करू?
– बी.एफ.ए. झालेली, कोल्हापूर

उत्तर: काम आवडत असेल तर घे. मीही एका बंद झालेल्या प्रोजेक्टमधून गेलेय. सकाळी मीटिंगचा निरोप आला, दुपारपर्यंत लॉगिन बंद आणि दीड वर्षाचं काम आत अडकलं. फुल अँड फायनलचे पैसे उशिरा का होईना, मिळाले. पण केलेलं काम दाखवायला हातात काहीच नव्हतं आणि पुढच्या मुलाखतीला तेच नडलं. तेव्हा सही करण्याआधी एचआरला दोन गोष्टी विचार. गेम बाजारात आल्यावर, किंवा तो रद्द झाला तर, कुठलं काम माझ्या शो-रीलमध्ये (नोकरीसाठी दाखवायच्या कामाच्या नमुन्यांत) वापरता येईल? आणि गेम येण्याआधी मी सोडून गेले किंवा मला काढलं, तर श्रेयनामावलीत माझं नाव राहील का? गेम येण्याआधी गेलेल्यांची नावं गाळण्याची वाईट खोड या धंद्याला आहे. उत्तर फोनवर मिळालं तरी ते ईमेलवर लिहून माग, आणि तो ईमेल तुझ्या स्वतःच्या आयडीवर ठेव, कंपनीच्या नको.