बर्फाळ तळघरांना पर्याय काय?

प्रश्न : अलास्कातील उटकियाग्विक येथे व्हेलचे मांस साठवण्याच्या जमिनीखालच्या तळघरांत आता पाणी झिरपते, असे वाचनात आले. गावात वीज असताना फ्रीझर वापरून प्रश्न सुटणार नाही का?

उत्तर : पूर्णपणे नाही. २०१६ पर्यंत बॅरो या नावाने ओळखले जाणारे हे गाव बाहेरच्या जगाशी रस्त्याने जोडलेले नाही. किराणा विमानाने किंवा उन्हाळ्यात बार्जने (सपाट तळाच्या मालवाहू बोटीने) येतो व अतिशय महाग पडतो. त्यामुळे इन्युपियाट या तिथल्या मूळ रहिवासी समाजाच्या कुटुंबांसाठी बोहेड व्हेल हे आजही रोजचे अन्न आहे, आणि एकेका व्हेलचे वजन कित्येक टन भरत असल्याने घरगुती फ्रीझर त्यापुढे अपुरा ठरतो. झाकण उचलून शिडीने खाली उतरावे, तर तळघराच्या भिंती कायम गोठलेल्या मातीच्या असतात. त्या थंडीत मांस हळूहळू मुरते आणि ज्येष्ठांना हवी असलेली चव त्यालाच येते. वसंतातील शिकारीपूर्वी तळघर खरवडून स्वच्छ केले जाते, कारण स्वच्छ तळघर असलेल्यांनाच व्हेल स्वतःला देतो, अशी श्रद्धा आहे.

आता ही माती तापत आहे. मात्र सगळा दोष हवामानबदलावर टाकणे मला योग्य वाटत नाही : मातीचा प्रकार, वर झालेले बांधकाम आणि पाण्याचा निचरा यांवरही तळघराचे आयुष्य ठरते. म्हणूनच नवे तळघर खोदताना जागेची निवड आणि जुन्या तळघरांत नियमित तापमाननोंद, या दोन गोष्टींवर आधी खर्च व्हायला हवा. फ्रीझर त्यांना पूरक म्हणून जरूर असावेत.