संध्याकाळी सहाला फोटो काढून बघा

तुमचा प्रश्न असा: गुहागरला घर आहे, मोबाइलवर लांबचं काही नीट येत नाही, मुलांच्या शर्यती, देवळातले उत्सव, खाडीवरचे पक्षी हे सगळं एकाच कॅमेऱ्यात टिपायचंय, तर ६५ किंवा ८३ पट झूमचा कॅमेरा रोजच्या वापराला घ्यावा का?

मी हर्णैजवळ राहते, शाळेत शिकवते आणि गेली आठ वर्षं या जातीचा कॅमेरा रोज पिशवीत घेऊन हिंडते. माझं म्हणणं, घ्या. फक्त दुकानात झूम पूर्ण ताणून, समोरच्या इमारतीवरची पाटी वाचून, त्या आनंदात घेऊ नका. दुपारच्या लख्ख उन्हात पाटी सगळ्याच कॅमेऱ्यांना वाचता येते.

झूमचा आकडा हा नुसता भागाकार असतो: लेन्सच्या सर्वांत मोठ्या नाभीय अंतराला (फोकल लेंग्थ; ते जेवढं जास्त, तेवढं लांबचं मोठं दिसतं) सर्वांत लहान अंतराने भागायचं. कॅननचा एसएक्स७० हा २१ ते १३६५ मि.मी. म्हणून ६५ पट. निकॉनचा पी९५० हा २४ ते २००० म्हणून ८३ पट, आणि पी१००० हा २४ ते ३००० म्हणून १२५ पट. हे मि.मी.सुद्धा जुन्या ३५ मि.मी. फिल्मच्या हिशेबातले. पी९५०च्या लेन्सचं खरं नाभीय अंतर ३५७ मि.मी.पर्यंतच जातं. एवढ्यावर भागतं, कारण आतला सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा तुकडा, जेमतेम ६.२ बाय ४.६ मि.मी.चा, करंगळीच्या नखाहूनही लहान. म्हणून तर एवढी मोठी झेप हातात मावते. पण किंमत मोजावी लागते ती उजेडात. पी९५०चं ऍपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, झूम न करता एफ २.८ असतं, पूर्ण झूमला ते ६.५ वर जातं (आकडा मोठा तेवढं भोक लहान), म्हणजे आत येणारा उजेड पाचव्या हिश्श्याहूनही कमी. आधीच सेन्सर चिमुकला, त्यात हे.

याचा अर्थ मला बंदरावर कळला. हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो. बोटी समुद्रात आत थांबतात, माल किनाऱ्यावर येतो, वाळूत ढीग लागतात आणि बोली सुरू होते. पहिल्या वर्षी मी लांब उभी राहून, झूम अगदी शेवटपर्यंत नेऊन एका मावशींच्या टोपलीतली सुरमई टिपली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो झकास दिसला. घरी संगणकावर उघडला तर माशाची कातडी मेण ओतल्यासारखी गुळगुळीत. ठिपके एकमेकांत मिसळलेले, मावशींच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांचा एकच पट्टा झालेला. उजेड कमी पडला म्हणून कॅमेऱ्याने आयएसओ, म्हणजे उजेड वाढवून दाखवण्याचं प्रमाण, १६०० वर नेला, वर आलेले दाणे पुसून टाकले आणि त्यांच्याबरोबर बारकावेही पुसले. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी वीस पावलं पुढे गेले, मावशींना विचारलं आणि झूम ३०० मि.मी.च्या आसपास ठेवला. सुरमईच्या अंगावरचा एकेक ठिपका वेगळा आला, बांगड्याही मोजता आल्या. कॅमेरा तोच होता.

तेव्हापासून मी नव्या कॅमेऱ्याकडे बघताना पहिल्यांदा २०० ते ६०० मि.मी.च्या पट्ट्यात तो काय देतो ते बघते. माझे बहुतेक फोटो तिथेच पडतात: शाळेच्या मैदानावरची धाव, माडावर चढलेला पाडेली, खाडीतला बगळा. त्यापुढचा झूम मला महिन्यातून चार वेळा लागतो. लागतो तेव्हा मात्र त्याला पर्याय नसतो.

चंद्राचंच बघा. २००० मि.मी.ला चंद्र चौकटीची दोन तृतीयांश उंची भरून टाकतो, विवरांच्या कडा दिसतात. दर दोन मिनिटांना तो स्वतःच्या व्यासाएवढा सरकतो, तेव्हा ट्रायपॉड लावून चहा आणायला गेलात तर चौकट रिकामी. आमच्या खळ्यात आईने पहिल्यांदा असा चंद्र पाहिला तेव्हा ती बराच वेळ पडद्यावरून बोट फिरवत बसली होती. त्या एका संध्याकाळसाठीसुद्धा मला हा कॅमेरा घेतल्याचं समाधान आहे.

पण किनाऱ्यावर पूर्ण झूमला आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे हवा. हर्णैहून सुवर्णदुर्ग समोरच दिसतो. एप्रिलमध्ये सकाळी अकराला त्याच्या तटावर पूर्ण झूम लावा, दगड पाण्याखाली असल्यासारखे हलताना दिसतील. तापलेली हवा थरथरते आणि लेन्स ती थरथरही तेवढीच मोठी करते. कितीही महाग कॅमेरा यावर काही करू शकत नाही. पाऊस सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ऊन चढायच्या आत, तोच तट असा स्वच्छ येतो की सांधे मोजावेत.

आता वजन. एसएक्स७० साधारण ६०० ग्रॅमचा, पी९५० एक किलोचा, पी१००० जवळपास १४०० ग्रॅमचा. हा शेवटचा म्हणजे सोललेले दोन नारळ गळ्यात अडकवल्यासारखं. हौसेने घेतलेला एवढा जड कॅमेरा कपाटात राहतो, आणि तुम्हाला तर तो रोज हवाय. डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर मात्र हवाच. समुद्रावरच्या उन्हात मागच्या पडद्यावर स्वतःच्या तोंडाशिवाय काही दिसत नाही. शिवाय पूर्ण झूमला पक्षी चौकटीतून निसटला की सापडता सापडत नाही. त्यासाठी झूम क्षणभर मागे घेऊन पुन्हा तिथेच नेणारं बटण असतं, ते कुठे आहे आणि अंगठ्याला लागतं का, हे दुकानातच बघा.

उत्सवांबद्दल तुमची निराशा करावी लागणार. शिमग्यात रात्री पालखी नाचते, खालूबाजा वाजतोय, उजेड होमाचा आणि दोन बल्बचा. तिथे या जातीच्या कॅमेऱ्यापेक्षा तुमच्या हातातला बरा मोबाइल सरस ठरतो, कारण तो एका क्षणात अनेक फोटो घेऊन एकत्र करतो. हे काम कॅमेऱ्याकडूनच हवं असेल तर एक इंच म्हणवणाऱ्या सेन्सरचे कॅमेरे बघा. सोनीचा आरएक्स१० मार्क ४ हा २४ ते ६०० मि.मी., ऍपर्चर २.४ ते ४, सेन्सर १३.२ बाय ८.८ मि.मी. म्हणजे क्षेत्रफळ चौपट. पॅनासॉनिकचा एफझेड१००० त्याच पठडीतला, पण ४०० मि.मी.पर्यंत. झूमचा आकडा लहान वाटेल, संध्याकाळचा फोटो मात्र वेगळाच येतो. सोनीचा सव्वा किलोच्या आतच आहे, पण पैसे बरेच लागतात.

आणि खारी हवा. माझा पहिला झूम कॅमेरा तिसऱ्या पावसाळ्यानंतर अडकला. लेन्स बाहेर येताना करकर वाजायची, मी दुर्लक्ष केलं. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, आत वाळू आहे आणि मागच्या काचेवर बुरशीचे धागे. लेन्स पुढे-मागे होताना बाहेरची हवा आत ओढते, आणि या कॅमेऱ्यांची लेन्स काढता येत नसल्याने घरी साफही करता येत नाही. दुरुस्तीचा आकडा ऐकून मी तो तसाच परत आणला. फार वाईट वाटलं होतं. आता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवते, जूनपासून दर पंधरवड्याला पुड्या वाळवते आणि वाऱ्याच्या दिवशी वाळूत उभं राहून झूम करत नाही. चामड्याच्या पिशवीत तर ठेवूच नका, आपल्याकडे श्रावणात चपलेलाही बुरशी येते.

घ्यायला जाल तेव्हा स्वतःचं कार्ड घेऊन संध्याकाळी सहाला जा. दुकानदाराला सांगून दारात उभे राहा. रस्त्यावरून जाणारी रिक्षा, समोरच्या टपरीवाल्याचा चेहरा ३००ला आणि ६००ला, शेवटी एखादा पूर्ण झूमला, असे फोटो काढा आणि घरी संगणकावर पूर्ण आकारात बघून मग ठरवा. जुना घेत असाल तर लेन्समध्ये तिरकी बॅटरी मारून धागे दिसतात का बघा आणि झूमचा आवाज कान देऊन ऐका.

तुमच्या यादीवरून मी एसएक्स७० सुचवेन. पक्ष्यांचंच वेड असेल तर पी९५०. दोन्हींत रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने काही न पुसलेली कच्ची फाइल, मिळते, संध्याकाळच्या फोटोंना तिचा उपयोग होतो. आणि कॅमेरा आला की फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलांना घेऊन वेळासला या. कासवाची पिल्लं समुद्राकडे निघतात तेव्हा सगळ्यांना दोरीमागे उभं राहायचं असतं, तिथून ३०० मि.मी. पुरतं. खाली वाळूवर बसून कॅमेरा पिल्लाच्या उंचीवर आणा, आणि फ्लॅश घरून निघतानाच बंद करून ठेवा.